ताप नव्हता, कसर होती

रविवारी आमच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये पाहुणे नव्हते, त्यामुळे सकाळ जरा सैल होती. गॅसवर घावन टाकलं होतं. हे पाडेल्याबरोबर वाडीत नारळ पाडायला गेले होते. मागच्या पडवीत आमच्याकडे कामाला येणारी रंगू झाडूसाठी झावळ्यांचे हीर काढत बसली होती. तिचा कोयता पात्यावरून फिरला की सर्र सर्र असा आवाज येतो. स्वयंपाकघरात मला त्या आवाजाची इतकी सवय आहे, की तो थांबला तरच कळतं.

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

आमच्याकडे ओळखीचा माणूस मागच्या दाराने हाका मारत येतो. कडी वाजवणारा एकतर पर्यटक असतो, नाहीतर सरकारी. मी तव्याखालची आच कमी करून खिडकीतून डोकावले. दारात चांगदेव घरत उभा होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारा. हातात निळ्या झाकणाची बर्फाची पेटी, खांद्याला झोळी.

सर्र सर्र थांबलं.

"वयनी," रंगू आतल्या दारातून कुजबुजली, "रंगू न्हाय आली म्हून सांगा."

मी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिले. खरं सांगायचं तर मलाही त्याला आत घ्यायचं नव्हतं. दिवेआगरच्या अलीकडचं आमचं गाव तसं लहान, आणि घरतबद्दल गावात जे बोललं जाई ते कानावर पडलं होतंच. एक बाटली पुरत असताना दोन भरून घेतो. लोकांच्या पिंपांमध्ये भरदिवसा टॉर्च मारून बघतो. एकटा राहतो, कुणाच्या गणपतीला जात नाही, गेलाच तर प्रसाद घ्यायच्या आधी फुलांच्या निर्माल्याची बादली बघतो. रंगूचा नवरा भागोजी तर पारावर उघड म्हणे, "रगत तपासतोय का इकतोय, कोन बघाया गेलाय?"

"रंगूताई आहेत का?" घरतने विचारलं.

"आज आली नाही."

त्याने मान हलवली. मग अंगणाच्या कडेने मागच्या पायरीकडे बघितलं. तिथे हिरव्या पट्ट्याच्या चपला होत्या, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

"मग ह्या चपला कुणाच्या?"

घावन करपल्याचा वास आला आणि मी आत पळाले. परत आले तेव्हा घरत पडवीच्या पायरीवर बसला होता, आणि रंगू कोयता मांडीवर ठेवून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"काय पायजे?"

"थोडं रक्त."

"दिलं की मागच्या महिन्यात! रिपोट आला, डेंगू न्हाय. माजा ताप गेला. आता बऱ्या मानसाचं रगत तुला कशाला रं?"

प्रश्न चोख होता. मलाही तोच पडला होता. आजारी माणसाचं रक्त घेतात हे समजू शकतं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, घरोघरी फिरणाऱ्या आशाताईला बरोबर न घेता, बरं झालेल्या बाईचं रक्त मागायला पेटी घेऊन कोण येतं?

"कागद दाखवा," मी म्हटलं.

त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. डॉक्टरांची सही, शिक्का, खाली सहा नावं. पहिलं रंगूचं. मी सही उजेडात धरून बघितली. शिक्का आमच्याच दवाखान्याचा होता, तारीख शुक्रवारची होती.

"आणि आशाताई?"

"त्या स्वतःच तापाने पडल्यात. परवापासून."

रंगूने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग आता भीतीकडे झुकला होता, आणि तिला कसली भीती वाटते हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिची मुलगी प्रणाली म्हसळ्याकडे दिली आहे. आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून दहा दिवसांनी ती इथे यायची होती. रंगूने दोन गोधड्या शिवल्या होत्या. पाणी आमच्याकडे दिवसाआड येतं, तेव्हा बाळंतिणीला अंघोळीला कमी पडू नये म्हणून एक नवं निळं पिंप आणून गणपतीच्या आधीपासूनच भरून ठेवलं होतं. पण विहीणबाई कृष्णाबाई मोठ्या सावध. आमच्या वाडीत ताप आहे असं त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी सरळ निरोप पाठवला, तापाच्या घरात सून धाडणार नाही. मग रंगूने 'निगेटिव्ह' लिहिलेल्या रिपोर्टचा फोटो माझ्याकडूनच काढून घेतला आणि म्हसळ्याला पाठवला. त्या फोटोवर प्रणालीचं येणं ठरलं होतं.

"दिलेला रिपोट परत न्याया आलाय ह्यो," रंगू मला म्हणाली, जणू तो समोर नव्हताच. "पोरीची वाट आडवायला."

"रंगूताई, मी रिपोर्ट न्यायला नाही आलो. त्याच्यावर माझाच विश्वास बसेना म्हणून आलो."

हे वाक्य ऐकून मी चहाचं आधण वाढवलं. चोरी करायला आलेला माणूस एवढं उघड बोलत नाही, किंवा फारच हुशार असेल तर बोलतो.

घरतने झोळीतून वही काढली. तुमच्या वाडीतून मागच्या महिन्यात एकोणीस जणांचं रक्त आलं, तो सांगू लागला. नमुन्याबरोबर एक फॉर्म जातो. त्यात एक रकाना असतो, ताप किती दिवस. त्याने वही माझ्यापुढे धरली. एक, एक, एक, दोन, एक, एक. उभ्या रेघा, कुंपणाच्या मेढी ठोकल्यासारख्या. एकोणीसपैकी सतरा एक.

"मग?"

"वहिनी, चौदा वर्षं मी इथे आहे. तुमच्या वाडीतला माणूस विंचू चावला तरी दुसऱ्या दिवशी येतो. आणि तापाच्या पहिल्या दिवशी सतरा माणसं दवाखान्यात?"

मला हसू आलं, पण मी आवरलं. "म्हणजे लोक खोटं बोलले म्हणता?"

"तेच कळत नाही. माझा संशय त्या एकवर आहे."

"एक असो का धा," रंगू फणकारली, "रगताला काय कळतंय?"

"रक्तालाच कळतं," घरत म्हणाला. इकडेतिकडे बघून त्याने त्या चपलांकडे बोट केलं. "आत्ता वहिनी म्हणाल्या तुम्ही नाही. पण चपला होत्या, म्हणून मला कळलं तुम्ही आत आहात. बरोबर?"

"वयनींना खोटं बोलाया येत न्हाय."

"डेंगूच्या पहिल्या चार-पाच दिवसांत आम्ही रक्तात चपला शोधतो. विषाणूचीच एक खूण असते, एनएस वन म्हणतात. ती सापडली की तो आत आहे. पण समजा मी संध्याकाळी आलो असतो. तुम्ही घरी गेलेल्या, चपला नाहीत. मग रंगूताई आल्याच नव्हत्या, असं म्हणायचं?"

मीच म्हटलं, "हिरांचा ढीग असेल की."

"तेच!" तो पहिल्यांदा थोडा मोकळा झाला. "पाहुणा निघून जातो, पण त्याच्यामुळे अंगाला जे काम करावं लागलं ते मागे राहतं. ते काम म्हणजे आयजीएम. ते पाचव्या दिवसानंतर दिसायला लागतं आणि दोन-तीन महिने राहतं. फॉर्मवर एक दिवस लिहिला की जिल्ह्याच्या लॅबमध्ये चपलांची तपासणी होते. पाचाच्या पुढे लिहिलं तर ढिगाची. तुमच्या एकावर त्यांनी चपला शोधल्या. मिळाल्या नाहीत. निगेटिव्ह."

"आणि हे ढीग बघता तरी कसे?" मी विचारलं. माझा संशय गेला नव्हता, नुसती जागा बदलून बसला होता.

"तुमच्याकडे आप्पेपात्र आहे ना? तशी प्लॅस्टिकची ताटली, पण शहाण्णव खळग्यांची, एकेक खळगा वाटाण्याएवढा. रक्त घट्ट झालं की वरचं पिवळं पाणी काढायचं, एकेकाचं एकेका खळग्यात. त्यात औषधं घालायची, धुवायचं, परत घालायचं. चार तास जातात. ज्याला होऊन गेलाय त्याचा खळगा निळा होतो, शेवटी आम्ल घातलं की पिवळाजर्द. ज्याला नाही त्याचा पाण्यासारखाच. मग यंत्र रंग मोजतं, डोळ्यांवर सोडत नाहीत."

"तुम्ही बघता ते रंग?"

"ते जिल्ह्याला होतं. मी इथून नीट पाठवायचं. पण आधी शिकलोय." तो जरा थांबला. "रंग बघायचं काम घरातलंच. आम्ही मूळचे पेणच्या खालचे, मिठागरातले. बाप, काळूराम, बांधावर उभा राहून पाण्याची तांबूस झाक बघायचा आणि सांगायचा, परवा मीठ धरंल. कुणी एक दिवस आधी फावडं घातलं की मिठाऐवजी चिखल वर यायचा. मार खाल्लाय त्यावरून."

त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच घरचं काहीतरी आलं. मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो घेतला, पण आधी पडवीतल्या तुळशीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी मातीत ओतून टाकलं. लोक सांगत ते खरंच होतं म्हणायचं.

"रंगूताई, एवढंच आठवून सांगा. ताप कधी आला?"

"गौरी गेल्या त्या दिवशी. दुसऱ्या दिशी तुमच्याकडं आले. मी का खोटं बोलतेय?"

"त्याच्या आधी काही नव्हतं?"

"ताप न्हवता."

"बरं."

"नुसती कसर व्हती."

घरतचा कप अर्ध्यावर थांबला. "कधीपासून?"

"गनपती आले त्या दिशीपासनं. अंगात कसर, डोळ्याच्या मागं ठनका, सांदे धरलेले. पर ताप न्हवता. ताप आसता तर मी मोदक केले आसते का इथं?"

"गोळी घेतलीत काही?"

रंगू माझ्याकडे बघायला लागली, आणि मी घावनाच्या तव्याकडे.

गोळी मीच दिली होती. गणपती आले त्या सकाळी रंगू म्हणाली होती, "वयनी, आज कसर भरलीया." घरात पंचवीस माणसं जेवायची, एकशे एक मोदक. मी डब्यातून तापाची गोळी काढून दिली आणि वर चहा दिला. दुसऱ्या दिवशी परत दिली. गौरी बसल्या त्या दिवशी दोन. गोळीने उतरत होतं म्हणून ती उभी होती आणि उभी होती म्हणून आम्ही दोघी त्याला ताप म्हणत नव्हतो. आमच्याकडे बाई अंथरुणाला टेकली की ताप. चालतीफिरती असेल तोवर कसर. हे मला कुणी शिकवलं नाही. मी बी.एस्सी. झालेले, तरी कधी थर्मामीटर काढला नाही. इतका वेळ मी त्या माणसाच्या सह्या आणि शिक्के तपासत होते आणि ज्या एकच्या मागे तो लागला होता, ते माझ्याच स्वयंपाकघरात तयार झालं होतं.

"गोळी मी दिली," मी म्हटलं. "सहा दिवस."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोटांवर दिवस मोजले. "दवाखान्यात आलात तो आठवा दिवस. मी एक लिहिला." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "शब्द मलाही माहीत होता हो. फॉर्मवर ताप छापलंय, म्हणून तापच विचारत राहिलो. सतरा वेळा."

"मंग आता?" रंगूचा आवाज बारीक झाला. "रगत दिलं नि डेंगू निघाला, तर पोर येनार न्हाय."

"निघाला तर तुम्हाला होऊन गेलेला आहे. पण तो तुमच्या घरात आला कुठून, ते शोधता येईल. नाही बघितलं, तर प्रणाली त्याच घरात येऊन झोपणार. पोटुशीला हा ताप फार वाईट. डास काय रिपोर्ट वाचून चावणार आहे?"

रंगूने मांडीवरचा कोयता हिरांच्या ढिगावर ठेवला. मग तिने उजवा हात पदराला पुसून पुढे केला. "एकच बाटली. दोन भरलीस तर बघ."

"एकच."

"नि भागोजीला म्हायती न्हाय झाली पायजे."

"मी कशाला सांगतो? तो मला बघितलं की रस्ता बदलतो."

त्याने पट्टा बांधला, शीर चाचपली. सुई गेली तेव्हा रंगूने माझा हात धरला आणि मोजमाप करायला बसल्यासारखी नळीत चढणारं रक्त शेवटपर्यंत बघत राहिली. त्याने नळीवर नाव लिहिलं, माझ्याकडून वाचून घेतलं, रंगूकडून वदवून घेतलं, मगच पेटीत ठेवलं. नवीन फॉर्मवर रकान्यात त्याने आकडा घातलाच नाही. 'कसर: गणपती आगमनाच्या दिवसापासून' असं लिहून पुढे तारीख टाकली.

ते चार दिवस वाईट गेले. रंगू कामाला आली, पण बोलेना. मला वाटे ती माझ्यावर रागावली आहे, तिला वाटे घरत परत येणारच नाही. बुधवारी तिने पुन्हा जुनं काढलं, "बगा वयनी, इकला आसंल." खरं तर एक क्षण माझ्याही मनात तेच आलं होतं.

गुरुवारी घरत आला, या वेळी मागच्या दाराने. रंगूचं आयजीएम पॉझिटिव्ह. डेंगू. चिकुनगुन्याचीही तपासणी केली होती, तो नव्हता. सहापैकी पाच जणांचे खळगे पिवळे झाले होते.

तो रंगूला म्हणाला, "चला, घर दाखवा."

आम्ही तिघं गेलो. फुटक्या मडक्यात काही नव्हतं. मोरीतल्या हंड्यात नव्हतं. करवंट्या रंगूने आधीच उलट्या केल्या होत्या. शेवटी राहिलं नवं निळं पिंप. वर धुतलेलं फडकं, त्यावर पाट, एका कडेला बोटभर फट. घरतने टॉर्च मारला आणि बाजूला झाला. मी वाकले. स्वच्छ पाण्यात बारीक अळ्या स्वल्पविरामासारख्या उलट्या लोंबत होत्या, उजेड पडताच वळवळत खाली गेल्या.

"पोरीसाठी भरून ठेवलं व्हतं," रंगू म्हणाली. एवढंच.

पिंप आम्ही तिघांनी मिळून कलतं केलं आणि पाणी माडाच्या आळ्यात सोडलं. घरतने काथ्याने आतली बाजू घासून घेतली, कारण अंडी कडेला चिकटून राहतात म्हणे. मग म्हसळ्याला फोन लावायचा होता. रंगूचा अंगठा नंबरावर जाऊन परत येत होता. शेवटी घरतने फोन मागितला आणि आवाज मोठा केला.

"डेंगू हाय म्हंता, नि वर पोर धाडा म्हंता?" कृष्णाबाई गरजल्या.

"धाडा म्हणत नाही. होऊन गेलाय, आणि कुठून आला ते सापडलंय, एवढं सांगतोय."

"मंग आदीचा रिपोट खोटा?"

"खोटा नव्हता. चुकीच्या दिवसाचा होता. चूक माझी."

पलीकडे कोंबडी ओरडल्याचा आवाज.

"आमच्या आळीतबी दोगं पडल्यात," बाई जरा खालच्या सुरात म्हणाल्या. "त्येंचं रगत कुनी बगितलंच न्हाय. तुमच्याकडं निदान कळलं तरी. आसं करा, मच्छरदानी बांदा, आठ दिवसांनी परत समदं बगा, नि तुमी सोता फोन करा. विहीनबाईंनी न्हाय. तुमी. काय न्हाय निगालं तर धाडते."

"करतो."

"नि रंगूविहीन, फुडल्या येळी फोटू नको. खरं काय ते सांगा."

"मी खरंच सांगितलं व्हतं ओ!" रंगू ओरडली. "कसर व्हती मला!" पण तोवर फोन बंद झाला होता.

आठव्या दिवशी घरतने टॉर्च घेऊन पुन्हा सगळं घर बघितलं, भागोजीच्या देखत; त्याला आता रंगूनेच सांगितलं होतं. भागोजी दारात हाताची घडी घालून उभा होता, मधेच त्याने आपणहून गोठ्यामागचा एक जुना टायर ओढून आणून दाखवला. कुठेच काही निघालं नाही. घरतने म्हसळ्याला फोन केला. त्यानंतरच्या सोमवारी प्रणाली रिक्षातून उतरली, कमरेला हात लावून, आणि पहिलं काय विचारलं तर, "आये, पिंप कुठाय?"

त्या संध्याकाळी घरत आमच्या पडवीत आला, कामाशिवाय. मला वाटलं, त्या सतरातल्या उरलेल्यांची नावं घेऊन आला असेल. रंगूने त्याच्यासाठी सहा नारळ सोलून बांधले होते. "हे न्यायचं," ती म्हणाली. त्याने नारळ बाजूला सरकवले.

"हे नको. मला दुसरं काहीतरी पाहिजे. वहिनींकडे."

माझ्याकडे? मी पुन्हा सावध झाले.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्यावर मी नवीन सिलिंडर लावला की तारखेला गोल करते, तो गोल त्याने त्या पहिल्या रविवारीच बघून ठेवला असणार.

"सिलिंडरची तारीख लिहिता तशी," तो म्हणाला, "रंगूताई कसर म्हणाल्या की त्या तारखेवर एक टिंब करत जा. गोळी द्यायच्या आधी."